सुभगाची शेपटी : पक्षी ओळखण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

मोर ओळखायला पुस्तक लागत नाही. बगळा, खंड्या, कोतवाल हेही कुणी शिकवावे लागत नाहीत. जाता-येता, आजी-आजोबांच्या बोलण्यातून ते आपसूक कळत जातात. पक्षी ओळखण्याचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो दोन पक्षी सकृद्दर्शनी एकच वाटतात तिथे. म्हणून या पुस्तकाच्या दाराशी मी वाचकाला गरुड किंवा धनेश दाखवत नाही. दाखवतो आहे दोन पिवळे, चिमणीहूनही जरा लहान असे गाणारे पक्षी : सुभग आणि मार्शलचा सुभग. यातला पहिला वाचकाच्या घरामागच्या चिंचेवर या घडीलाही असू शकेल. दुसरा कोरड्या माळाच्या कडेला बाभळीत राहतो, आणि बऱ्याच वह्यांत तो पहिल्याच्याच नावावर जमा झालेला आहे.

सुभग तसा आपल्या ओळखीचा. आमराई, बागा, पानझडी जंगल, खाडीकाठची कांदळवने, जिथे पानांची दाटी आहे आणि पानांत अळ्या आहेत तिथे तो असतो. बहुतेक वेळा जोडीने. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर सरकत, कधी उलटा लोंबकळत, पानामागचे किडे टिपत राहतो. पोट पिवळे, पाठ हिरवट, काळ्या पंखांवर दोन ठळक पांढरे पट्टे. मादीचा सगळाच रंग जरा फिका आणि हिरवटाकडे झुकलेला. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबर, नराच्या डोक्यावर आणि पाठीवर काळा रंग चढतो. त्याचे प्रियाराधन एकदा पाहावेच असे असते. फांदीवरून तो सरळ वर झेपावतो, कमरेवरची फिकट, रेशमी पिसे फुलवतो, क्षणभर नुसता पिसांचा गोळा होतो आणि गिरक्या घेत पुन्हा त्याच फांदीवर उतरतो. उतरल्यावर पंख खाली सोडून शेपटी पसरतो. ही पसरलेली शेपटी लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरच सारे येऊन ठरणार आहे. घरटे म्हणजे फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्याने बाहेरून लिंपलेली इवलीशी वाटी. ते बांधण्यात आणि अंडी उबवण्यात नर-मादी दोघेही असतात.

आता दुसरा. मार्शलचा सुभग आकाराने किंचित लहान, शेपटी आखूड, चोच थोडी बारीक. ठेवण तीच, पिवळा-काळा-पांढरा हा रंगमेळही तोच. पहिल्या नजरेला फरक म्हणून काही हाती लागत नाही. तरी हे दोन वेगळे पक्षी आहेत, आणि ही गोष्ट कळायला शास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली. ती वर्षे कशी गेली हे थोडे सविस्तर सांगतो, कारण या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला तो इतिहास एखाद्या तंत्रपुस्तिकेपेक्षा जास्त शिकवून जाईल.

लिनियसने १७५८ मध्ये सुभगाला शास्त्रीय नाव दिले. तो कधी भारतात आला नव्हता. त्याच्यापुढे होते ते लंडनच्या जॉर्ज एडवर्ड्सने बंगालमधून आलेल्या एका पक्ष्यावरून काढलेले चित्र आणि त्याखालचे वर्णन. लिनियसने या पक्ष्याला टाकले धोब्यांच्या घोळक्यात, कारण त्या काळी बारीक चोचीचा जवळजवळ प्रत्येक छोटा पक्षी त्याच घोळक्यात जात असे. पुढे एकोणिसाव्या शतकात कंपनीच्या आणि नंतर राणीच्या नोकरीतले डॉक्टर, इंजिनियर, कलेक्टर पक्षी जमवू लागले. मद्रासच्या सेनेतले शल्यवैद्य थॉमस जर्डन यांनी १८६२ ते १८६४ या काळात भारतीय पक्ष्यांवर आपला मोठा ग्रंथ काढला. त्यात सुभगाच्या दोन जाती दिल्या आहेत. मात्र त्या आजच्या दोन जाती नव्हेत. जर्डन यांची रेघ पडली होती पाठीवर : दक्षिणेकडचा आणि सिंहलद्वीपाचा काळ्या डोक्या-पाठीचा सुभग वेगळा, उत्तरेकडचा हिरव्या पाठीचा वेगळा.

रेघ ओढण्यासारखी दिसत होती हे खरे. श्रीलंकेतला विणीतला नर आणि बंगालमधला विणीतला नर शेजारी ठेवले तर कुणीही म्हणेल, हे दोन पक्षी. पण संग्राहकांच्या पेट्या भरत गेल्या तसा घोळ वाढला. मधल्या प्रदेशांतून येणारे नर ना धड काळे, ना धड हिरवे. कुणाच्या पाठीवर चार काळे ठिपके, कुणाची मान काळी आणि पाठ हिरवी. माद्यांची तर वाटणीच करता येईना. अखेर काळी पाठ हे वेगळ्या जातीचे लक्षण नसून एकाच जातीत प्रदेशागणिक आणि ऋतुमानाप्रमाणे होणारा बदल आहे हे मान्य करावे लागले.

आणि याच धामधुमीत, १८७६ साली, जॉर्ज मार्शल या लष्करी इंजिनियरने सगळे पाठीकडे पाहत असताना शेपटीकडे पाहिले. वायव्येकडच्या काही सुभगांच्या शेपटीत पांढरा रंग होता. नरातही, मादीतही. मधल्या पिसांची जोडी राखट-पांढरी, बाजूच्या काळ्या पिसांची टोके रुंद पांढरी. साध्या सुभगाच्या नराची शेपटी बारा महिने काळी, मादीची हिरवट. तिच्यात असा पांढरा रंग नाही. मार्शलने हे वर्णन छापले ते ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात.

ह्यूम म्हणजे तेच, ज्यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन झाली. ते पहिले अधिवेशन पुण्यात ठरले होते आणि पटकीच्या साथीमुळे मुंबईला हलवावे लागले, एवढे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच सुमारास त्यांनी आपला ऐंशी हजारांहून अधिक पक्ष्यांचा आणि अंड्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, कारण त्यांच्या पक्षिग्रंथाची पंचवीस वर्षांची हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने गेली होती. हे मात्र कुठल्या इयत्तेत येत नाही. मध्य भारतातल्या साध्या सुभगाच्या उपजातीला पुढे ह्यूम यांचे नाव मिळाले. एका सुभगाला मार्शल, दुसऱ्याच्या उपजातीला ह्यूम. पिवळ्या पक्ष्यांवर अशी ही जुनी माणसे नोंदवलेली आहेत.

जर्डन काही कच्चा निरीक्षक नव्हता. त्याच्या काळच्या भारतात त्याच्याइतके पक्षी हाताळलेली माणसे थोडीच होती. प्रश्न नजरेचा नव्हता. कोणता फरक मोजायचा आणि कोणता सोडून द्यायचा याचा होता. हाच प्रश्न या सगळ्या विद्येच्या मुळाशी आहे असे माझे ठाम मत आहे. दोन पक्ष्यांत फरक तर हवे तेवढे सापडतात. एकाच घरट्यातली दोन पिल्लेही सारखी नसतात. जो फरक ऋतूने पुसला जात नाही, वयाने बदलत नाही, नर-मादी दोघांत टिकतो आणि प्रदेश ओलांडताना हळूहळू विरघळत नाही, तो कामाचा. सुभगाची काळी पाठ या कसोट्यांवर नापास होते आणि शेपटीतला पांढरा रंग बऱ्याच अंशी पास होतो.

‘बऱ्याच अंशी’ म्हणालो, त्याला कारण आहे. पक्ष्याचे पीस ही मेलेली वस्तू असते. एकदा वाढून झाले की त्यात रक्त नाही, दुरुस्ती नाही. गळून पडेपर्यंत ते फक्त झिजत जाते. उन्हाने रंग उडतो, काट्याकुट्यांत कडा तुटतात, घरट्यात बसून टोके चुरगळतात. झीजही सगळीकडे सारखी होत नाही. पिसाला काळा करणारे मेलॅनिन हे द्रव्य नुसता रंग देत नाही, पीस कणखरही करते. पांढऱ्या भागात ते नसते, म्हणून पांढऱ्या कडा आणि पांढरी टोके आधी झडतात. आता मार्शलच्या सुभगाची खूण कशात आहे? पंखाच्या आतल्या पिसांच्या रुंद पांढऱ्या किनारींत आणि शेपटीच्या पांढऱ्या टोकांत. म्हणजे नेमकी जी खूण आपण शोधतो आहोत तीच सर्वांत आधी झिजते.

सुभगांची पिसे वर्षातून दोनदा बदलतात. विणीआधीच्या बदलात मुख्यतः अंगावरची छोटी पिसे नवी येतात, त्यातून नराचा काळा थाट तयार होतो. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे साधारणपणे वीण उरकल्यावर बदलतात. याचा अर्थ असा, की जुलै-ऑगस्टमध्ये नर देखणा असतो, गातो, उघड्यावर बसतो आणि छायाचित्रकारांच्या तावडीत सापडतो. पण त्याची शेपटी तेव्हा वर्षभर वापरलेली, टोके खाल्लेली असते. नोव्हेंबरात तोच नर डोक्या-पाठीवरचा काळा उतरवून मादीसारखा साधा होतो, गप्प असतो, कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. शेपटी मात्र तेव्हा कोरी करकरीत असते. ओळख पटवायला हाच काळ बरा. पावसाळ्यातल्या सुंदर फोटोंवरून झालेली कितीतरी भांडणे हिवाळ्यातल्या एका साध्या फोटोने मिटली असती.

उलट बाजूचा फसवा प्रकारही असतो. साध्या सुभगाच्या मादीची हिरवट शेपटी उन्हाने विटली की तिच्या कडा फिकट दिसू लागतात. भर दुपारच्या उन्हात, मागून उजेड येत असताना, कॅमेरा त्या फिकट कडांना सरळ पांढऱ्या करून टाकतो. असा फोटो समोर आला की मी आधी पक्ष्याच्या पोटाकडे पाहतो. पोटाचा पिवळा रंगही धुऊन निघालेला असेल तर शेपटीचा पांढरा खरा मानत नाही. मग पाहायचे ते शेपटीची मधली जोडी कशी आहे ते, आणि शेपटी खालून कशी दिसते ते. खालून पाहणे बहुतेक जण विसरतात. साध्या सुभगाचा नर डोक्यावरच्या फांदीवर असला तर शेपटीची खालची बाजू काळी, एकसलग दिसते. मार्शलच्या सुभगाची टोके खालूनही पांढरी दिसतात. मान वर करून पाहणाऱ्याला ही सोय फुकट मिळते.

पंखावरचे पांढरे पट्टे मोजत बसू नयेत. ते दोघांनाही आहेत. विणीच्या काळात मार्शलच्या नराच्या काळ्या डोक्यामागे मानेवर पिवळा पट्टा उठून दिसतो, त्याचा आधार घ्यावा. पण निकाल मानेवर लावू नये. ज्या प्रदेशात साध्या सुभगाच्या नरांची पाठ अर्धवट काळी असते, तिथे मानेवरचा पिवळा त्यांच्यातही सापडू शकतो.

यानंतर येतो नकाशा, आणि त्याच्याबद्दल माझी तक्रार आहे. जुन्या पुस्तकांत मार्शलच्या सुभगाचा नकाशा वायव्येला रंगवलेला असे : पंजाब, राजस्थान, कच्छ, गुजरात, सीमेपलीकडचा पाकिस्तानच्या पूर्व भागातला पट्टा. त्या रखरखीत मुलखात तो आहेच. साधा सुभग तिथे फिरकतही नाही किंवा विरळ आहे. पण रंग तिथे संपला म्हणून पक्षीही तिथे संपला असे वाचकांनी धरले. महाराष्ट्रात, कर्नाटकात, तमिळनाडूत कुणाला पांढऱ्या शेपटीचा सुभग दिसला तरी हात पुस्तकाकडे जाई, नकाशा कोरा दिसे आणि वहीत ‘सुभग’ एवढेच लिहिले जाई. पुढच्या नकाशाला तीच वही पुरावा म्हणून लागे. आज आपल्याला ठाऊक आहे की मार्शलचा सुभग दक्षिण भारताच्या कोरड्या भागांत आणि श्रीलंकेतही आहे, आणि महाराष्ट्रातूनही त्याच्या नोंदी आहेत. बाभूळ, खैर, बोर, हिवर असलेल्या विरळ काटेरी झुडपांत त्याला शोधावे. नकाशाने कुठे शोधायचे ते सांगावे, काय दिसले ते सांगू नये. या पुस्तकातल्या नकाशांनाही हेच लागू आहे.

आवाजाकडे मी जरा घाईने जातो आहे, विषय लहान म्हणून नव्हे. तो पुढे स्वतंत्र प्रकरणात आला आहे. एवढेच सांगतो, की दिसायला एक आणि गळ्याने वेगळे अशा पक्ष्यांची फोड कानानेच झाली आहे. इंग्लंडमधल्या सेलबर्न गावचे गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्ये तीन पिवळट-हिरवट पर्णवटवट्ये त्यांच्या गाण्यावरून वेगळे काढले. तोवर पक्षितज्ज्ञ त्यांना एकाच मापाने मोजत होते. सुभगांच्या बाबतीत मात्र कानावर फार भिस्त ठेवता येत नाही. सुभगाची ओळखीची हाक म्हणजे लांबवर ओढत नेलेली शीळ, जी शेवटी एकदम खाली कोसळते. पण त्याच्या गळ्यात त्याशिवाय किरकिर आहे, चिवचिव आहे आणि इतर पक्ष्यांच्या नकलाही आहेत. असा बहुरूपी गळा ऐकून निर्णय देणाऱ्याने दोनदा विचार करावा. मोबाइलवरचे ‘मर्लिन’ आवाज ऐकून नाव सुचवते. ते नाव म्हणजे सुचवणी आहे, निकाल नाही. ते ऐकून वर पाहणारा शिकतो. ते ऐकून तसेच यादीत टाकणारा यादी तेवढी लांबवतो.

संग्रहालयांविषयीही दोन शब्द. पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या रांगा पाहून आजच्या तरुण निरीक्षकाला कसेसे होते, ते स्वाभाविक आहे. पण मार्शलने शेपटी पाहिली ती नमुने शेजारी शेजारी ठेवता आले म्हणून. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिथे पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन गेलेल्या सालिम अलींची गोष्ट इतकी सांगून झाली आहे की मी ती पुन्हा सांगणार नाही. तिच्यातला एकच भाग मला महत्त्वाचा वाटतो : सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला पक्ष्याचे नाव सांगून वाटेला लावले नाही, कप्पे उघडून एकामागून एक नमुने दाखवले. एक पक्षी पाहून जात कळत नाही. जातीत किती पसारा असतो ते पाहिल्यावर कळते. आज बंदुकीची गरज उरलेली नाही. तारीख-ठिकाणासह साठवलेले हजारो फोटो आणि ध्वनिमुद्रणे तेच काम करतात, अट एवढीच की तारीख आणि ठिकाण खरे असावे.

रक्ताच्या नात्याने पाहिले तर सुभगांची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. एडवर्ड्सला तो माशीमार वाटला, लिनियसने त्याला धोब्यांत बसवले, पुढच्यांनी बुलबुलांत, मग हरेव्याजवळ. डीएनए तपासल्यावर चारही जातींच्या सुभगांचे एक स्वतंत्र कुल ठरले आणि ते जाऊन बसले खाटीक, कोतवाल, कावळे यांच्या मोठ्या शाखेत. अंगणातल्या या नाजूक पिवळ्या पक्ष्याला वटवट्यांपेक्षा कावळा जवळचा आहे. वाचकाला हे पटायला वेळ लागेल, मलाही लागला.

पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत अशाच जोड्या भेटतील. सुगरण आणि रेघांची सुगरण, पिवळे धोबी आणि त्यांच्या हिवाळी माद्या, आणि ज्यांनी अनुभवी निरीक्षकांनाही रडवले आहे ते पर्णवटवट्ये. पद्धत सगळीकडे तीच आहे : आधी ऋतू आणि पिसांची अवस्था, मग टिकाऊ खूण, मग जागा, मग आवाज, आणि या सगळ्यांचा मेळ बसला तरच नाव. मेळ बसला नाही तर ‘सुभग, जात अनिश्चित’ असे लिहावे. ई-बर्डसारख्या नोंदवहीत दोन जातींची नावे तिरक्या रेघेने जोडून नोंद करता येते. तिचा उपयोग करावा. अशा नोंदीने कुणाची पत जात नाही, उलट ती नोंद पुढच्या अभ्यासकाला वापरता येते. चुकीच्या ठाम नावाचे तसे नाही. ते एकदा नकाशात शिरले की काढता काढता पिढ्या जातात, हे वर पाहिलेच.

आता वाचकाला एक विनंती. नगर, सोलापूर, सांगली, धुळे किंवा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, जिथे पाऊस कमी आणि बाभळी जास्त, तिथे तुम्ही राहत असाल, तर येत्या ऑक्टोबर ते डिसेंबरात सुभग दिसला की ‘हा तर नेहमीचाच’ म्हणून पुढे जाऊ नका. नर असो वा मादी, शेपटीचा वरून एक आणि खालून एक फोटो घ्या, सोबत झाडाचे नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि नोंद सार्वजनिक ठेवा. महाराष्ट्रातला मार्शलचा सुभग नेमका कुठून कुठवर आहे हे अशा नोंदींतूनच ठरणार आहे, आणि त्या घेणारी माणसे अजून फार थोडी आहेत.